लेकरू दवाखान्यात असते तेव्हा

आपल्या वस्तीत एखादे लेकरू दवाखान्यात ॲडमिट झाले की सगळी गल्ली धावून जाते. कोणी रिक्षा आणतो, कोणी उसने पैसे देतो, कोणी रक्त द्यायला उभा राहतो. ही आपली मोठी ताकद आहे. पण तिसऱ्या दिवशी वॉर्डात चक्कर मारली तर काय दिसते? आई खाटेजवळ बसून पेंगते आहे. बाप खाली औषधाच्या दुकानासमोर रांगेत उभा आहे. आणि लेकरू भिंतीकडे तोंड करून पडले आहे. सलाईन चालू आहे, इंजेक्शन वेळेवर मिळते आहे. "आता शांत झालंय, त्रास देत नाही," असे सगळे समाधानाने सांगतात.

आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करून वॉर्डात नोकरी केली आणि आता वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करतो. दोन्हीकडचा अनुभव आम्हाला एकच गोष्ट सांगतो : शांत पडलेले लेकरू बरेच होत आहे, असे समजू नये. दवाखान्यातल्या मुलाला औषधाबरोबर तीन गोष्टी लागतात. ओळखीचे माणूस, खरे बोलणे आणि खेळ. हे लाड वाटतात, पण हा उपचाराचाच भाग आहे. याला पैसा फार लागत नाही, माणसे लागतात. एकट्या आईला ते पेलत नाही. म्हणून हा लेख आईसाठी आहे, तितकाच बापासाठी, शेजारणीसाठी आणि विहारातल्या महिला मंडळासाठी आहे.

आई जवळ का हवी?

दुसऱ्या महायुद्धानंतरही इंग्लंडमधल्या बऱ्याच रुग्णालयांत आईबापांना मुलाजवळ राहू देत नसत. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी थोडा वेळ भेट मिळे. आई आली की मूल रडते, ती गेली की काही वेळाने गप्प होते. तेव्हा आईने न आलेलेच बरे, असा डॉक्टर-नर्सचा समज होता. जेम्स रॉबर्टसन या समाजसेवकांना हे पटले नाही. त्यांनी १९५२ साली एक छोटा चित्रपट लोकांपुढे आणला. दोन वर्षांची एक मुलगी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस रुग्णालयात राहते, एवढीच त्याची गोष्ट. ती फार आरडाओरडा करत नाही. पण दिवसागणिक तिचा चेहरा कसा मिटत जातो, हे पाहणाऱ्याला स्पष्ट दिसते.

आईपासून तुटलेले लहान मूल तीन पायऱ्यांतून जाते, असे रॉबर्टसन यांनी दाखवले. पहिली पायरी आकांताची. मूल रडते, दाराकडे पाहते, कोणाकडे जात नाही. दुसऱ्या पायरीवर ते थकते, गप्प होते, खाणे-खेळणे सोडते. तिसऱ्या पायरीवर ते सगळ्यांशी बरे वागते, दिलेले खाते, पण आई आली की तिच्याकडे पाठ फिरवते. जणू ही कोण, ते ओळखतच नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीला आपण 'रुळलं' म्हणतो. खरे तर मुलाने आई येण्याची आशा सोडलेली असते. पुढे १९५९ मध्ये तिथल्या प्लॅट समितीने शिफारस केली की मुलांच्या वॉर्डात आईबापांना भेटीच्या वेळेचे बंधन नसावे आणि लहान मुलाच्या आईला सोबत राहता यावे. तरीही सगळी दारे उघडायला पुढे कितीतरी वर्षे लागली.

आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यात चित्र वेगळे आहे. जनरल वॉर्डात आई लेकराजवळच असते, खाटेच्या कडेला नाहीतर खाली चटईवर. ही पद्धत कोणी मानसशास्त्र वाचून पाडलेली नाही. माणूसबळ कमी, म्हणून नातेवाईक लागतात. पण इंग्लंडला जे झगडून मिळवावे लागले, ते आपल्या आईच्या हातात आधीच आहे.

प्रश्न आहे तो आई तिथे टिकून कशी राहील याचा. सोलापुरात विडीची मजुरी हजार विड्यांवर मिळते आणि वॉर्डात सूप घेऊन विड्या वळता येत नाहीत. धुणीभांडी करणारीचे चार दिवस बुडाले तर काम दुसरीकडे जाते. घरी आणखी दोन लेकरे असतात. मग आई "तासाभरात येते" म्हणून निघते आणि संध्याकाळ होते. यात आईचा दोष नाही. आईने कामावर जाऊ नये, असे सांगणे सोपे आहे. तिची मजुरी कोण भरून देणार, हा खरा प्रश्न आहे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी हाच मुद्दा धरला होता. आईला मिळणारी विश्रांती ही देशाच्या हिताची बाब आहे आणि तिचा भार एकट्या बाईवर टाकता येत नाही.

वय पाहून वागा

मूल दवाखान्याला कशामुळे घाबरते, हे त्याच्या वयावर असते.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईचा वास, आवाज आणि अंगाची ऊब कळते. त्याला अंगावर घ्या, पाजा, त्याच्याशी बोला. हातात सुई बसवलेली असली तरी बाळाला कसे उचलायचे, हे सिस्टर दाखवतात. त्यांना विचारा.

सहा महिने ते चार वर्षे हे सगळ्यात नाजूक वय. ओळखीचे माणूस दिसेनासे होणे हीच या मुलांची सगळ्यात मोठी भीती असते. आईला जावेच लागले तर त्याला झोपवून गुपचूप निघू नका. जागे झाल्यावर आई नाही, हे एकदा घडले की मूल पुढे झोपायलाच घाबरते. सांगून जा, ते रडले तरी चालेल. आपली ओढणी किंवा पदराचा तुकडा त्याच्या उशाशी ठेवा. "दुपारचं जेवण झालं की येते," असे त्याला कळेल असे सांगा आणि तसेच या. घड्याळातला तास त्याला कळत नाही, जेवण कळते.

चार ते सात वर्षांचे मूल मनाशी भलतेच गणित मांडते. "मी आईचं ऐकलं नाही म्हणून मला इथे आणलं." "एवढं रक्त काढलं, आता सगळं संपणार." हे ते बोलून दाखवत नाही. आपणच म्हणावे, "तू काही वाईट केलं नाहीस म्हणून हा ताप आलेला नाही. रक्त थोडंसंच घेतात, अंगात नवं तयार होतं."

शाळकरी मुलाला माहिती हवी असते. सलाईनमध्ये काय आहे, किती दिवस राहायचे, शाळेत काय चालले आहे. त्याला एक काम द्या. सलाईनची बाटली संपत आली की सिस्टरांना सांगण्याचे काम तो अभिमानाने करतो.

वयात आलेल्या मुला-मुलींना लाजेची काळजी असते. कपडे बदलताना पडदा किंवा चादर धरा. डॉक्टर राउंडला आले की सगळी उत्तरे आपणच देऊ नका, त्यांना बोलू द्या. पाळीबद्दल किंवा लघवीच्या जागेबद्दल दहा माणसांसमोर विचारू नका.

खरे बोला, धाक घालू नका

"रडलास तर सिस्टर सुई टोचेल." हे वाक्य आपल्या घराघरांत आहे. जेवत नाही, झोपत नाही, सगळ्याला सुईचा धाक. मग खरेच दवाखान्यात जायची वेळ येते तेव्हा त्या मुलाच्या दृष्टीने ती शिक्षाच असते. हे वाक्य आजपासून बंद करूया.

दुसरी सवय खोट्याची. "काही नाही, फक्त बघायला नेतात," म्हणून मुलाला नेले आणि तिथे चौघांनी धरून सुई टोचली. दुखणे तासाभरात जाते, पण आई खोटे बोलली हे लक्षात राहते. पुढच्या वेळी ते मूल साध्या तपासणीलाही अंगाला हात लावू देत नाही.

खरे सांगायला मोठे शब्द लागत नाहीत. "हातात एक बारीक सुई बसवणार आहेत. मुंगी चावल्यासारखं दुखेल. मी दहा आकडे मोजते, तोवर होईल. रडायला आलं तर रड, पण हात हलवू नकोस. मी इथेच आहे." लहान मुलाला हे थोडा वेळ आधी सांगा, आदल्या रात्री सांगितले तर ते रात्रभर घाबरून राहते. मोठ्या मुलाला आदल्या दिवशी सांगितलेले चांगले, त्याला मनाची तयारी करता येते. आणि मुलग्याला "मर्द आहेस, रडू नको," असे म्हणू नका. दुखल्यावर रडणे हा प्रत्येक लेकराचा हक्क आहे.

सुई टोचताना

लसीकरणाच्या वेळी मुलांचे दुखणे कमी कसे करावे, याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सूचना दिल्या. त्या वॉर्डातही उपयोगी पडतात. अंगावर पिणाऱ्या बाळाला सुईच्या आधी आणि सुई चालू असताना पाजले तर त्याला कमी दुखते. लहान मुलाला आईने मांडीवर, छातीशी धरावे. खाटेवर उताणे दाबून धरले की भीती आणखी वाढते. मोठ्या मुलाने बसून राहावे आणि त्याचे लक्ष दुसरीकडे वळवावे.

सुईच्या वेळी आई शेजारी असेल की नाही, हे त्या त्या वेळच्या कामावर असते. पण विचारायला काही हरकत नाही. "सिस्टर, सुई टोचताना मी याला मांडीवर धरून बसू का? मी त्याचा हात घट्ट धरते," असे विचारले तर बहुतेक सिस्टर हो म्हणतात, कारण मूल स्थिर राहिले की शीर लवकर सापडते. लक्ष वळवायला फुंकर चांगली. "मेणबत्ती विझव," म्हणून जोरात फुंकायला सांगा. लांब श्वास सोडताना अंग सैल पडते. साबणाचे फुगे, मोजणी, आवडीचे गाणे, काहीही चालते.

खेळ हे औषध आहे

आजारी मुलाने पडून राहावे, खेळू नये, असे आपल्याला वाटते. डॉक्टरांनी हालचाल करू नका सांगितले असेल तर ते पाळायलाच हवे. पण पडल्यापडल्याही खेळता येते.

याचा पुरावा कुपोषित मुलांच्या वॉर्डातून आला. जमैका देशातील किंग्स्टन शहरात डॉ. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात तीव्र कुपोषित मुलांबरोबर काम सुरू केले. काही मुलांना रुग्णालयात औषध आणि आहाराबरोबर रोज खेळ दिला आणि घरी गेल्यावर आईला खेळ शिकवायला कार्यकर्त्या जात राहिल्या. इतर मुलांना फक्त नेहमीचे उपचार मिळाले. वजन भरले तरी खेळ न मिळालेली मुले बुद्धीच्या वाढीत मागे राहिली. खेळ मिळालेली पुढे गेली. आज जागतिक आरोग्य संघटनेने तीव्र कुपोषित मुलाच्या उपचाराच्या दहा पायऱ्या सांगितल्या आहेत, त्यातली नववी पायरी मायेचा आधार आणि खेळ ही आहे. रोज पंधरा ते तीस मिनिटे ठरवून खेळायचे, असे त्यात आहे. आपल्या सरकारी पोषण पुनर्वसन केंद्रांतही खेळाची जागा याच विचारातून ठेवलेली असते आणि आईला बुडालेल्या मजुरीपोटी काही भरपाईही मिळते. मूल तिथे भरती करायला सांगितले तर अर्ध्यातून उठून येऊ नका.

खेळणी विकत आणायला नकोत. स्टीलची वाटी आणि चमचा, झाकणाचा प्लास्टिकचा डबा, चिंध्यांची बाहुली, एक वही आणि रंगीत खडू, शाळेचे गोष्टीचे पुस्तक पुरे. धुता येतील अशाच वस्तू न्या. बाहुलीला पट्टी बांधू द्या, ताप मोजू द्या, सुई टोचल्याचा खेळ करू द्या. मूल बाहुलीला रागावते, धीर देते. त्यातून त्याच्या मनातले आपल्याला कळते. मात्र वॉर्डातली वापरलेली सिरिंज, हातमोजे, सलाईनची नळी खेळायला मुळीच घेऊ नका. त्यातून रोग पसरतो आणि सुई लागू शकते.

मोबाइलचे काय? सुईच्या वेळी पाच मिनिटे कार्टून दाखवले तर ते वेदनेवरचे औषधच समजा. पण दिवसभर मोबाइल हातात दिला तर लेकरू ना बोलते, ना खाते, ना झोपते. मोबाइलपेक्षा शेजारच्या खाटेवरचे पोर बरे. सोलापूरच्या वॉर्डात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू बोलणारी लेकरे शेजारी शेजारी असतात. चेंडू लोटायला भाषा लागत नाही. फक्त ज्याला संसर्गाचा आजार आहे त्याला जवळ न्यायचे नाही, हे सिस्टरांना विचारून घ्या.

काचेच्या पेटीतले बाळ

कमी दिवसांचे, कमी वजनाचे बाळ नवजात विभागात ठेवले की आईबापांना वाटते, आता आपले काही काम नाही. असे नसते. १९७८ मध्ये कोलंबिया देशातील बोगोटा शहरात काचेच्या पेट्या कमी पडत होत्या, म्हणून डॉक्टरांनी बाळांना आईच्या उघड्या छातीवर बांधायला सुरुवात केली. यालाच कांगारू मातासेवा म्हणतात. गरजेतून आलेली ही पद्धत इतकी उपयोगी ठरली की २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कमी वजनाच्या बाळाला जन्मानंतर शक्य तितक्या लवकर अशी ऊब द्यावी आणि दिवसातले आठ तास किंवा त्याहून जास्त द्यावी, अशी शिफारस केली. बाळाला श्वास घेता येत नसेल किंवा प्रकृती गंभीर असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा सुरू करायचे. आईला बरे नसेल तर बाप, आजी, मावशी कोणीही छातीशी धरू शकते.

दुसरी गोष्ट अजून फार घरांपर्यंत पोचलेली नाही. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात आईबापांना हात धुणे, बाळाला पाजणे, स्वच्छ ठेवणे, धोक्याची लक्षणे ओळखणे शिकवून नवजात विभागात आत घ्यायला सुरुवात झाली. त्या अनुभवावरून केंद्र सरकारने २०१७ मध्ये सरकारी नवजात विभागांसाठी 'कुटुंबाचा सहभाग' या नावाने मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणून आईने किंवा बापाने नम्रपणे पण ठामपणे विचारावे : "आम्हाला हात धुवून आत यायला कधी मिळेल? बाळाला छातीशी कधी धरता येईल?" ही मेहरबानीची मागणी नाही.

आईबापाचे मन आणि घरचे भावंड

लेकरू आजारी पडले की पहिला आरोप आईवर होतो. "थंड दिलं असशील." "लक्ष कुठं होतं तुझं?" सासू बोलते, नणंद बोलते, कधी नवराही बोलतो. कोणी नजर लागली म्हणतो, कोणी बाहेरचे सांगून अंगारा आणतो आणि उपचाराचे दिवस वाया जातात. आई आतून खचली की तिचा हात थरथरतो आणि लेकराला ते पहिल्यांदा कळते. आईला धीर देणे म्हणजे लेकराला धीर देणे. तिला सल्ला देण्याआधी विचारा, "वहिनी, तुम्ही जेवलात का? थोडं झोपता का, मी बसते."

बापालाही भीती वाटते, पण ती तो बोलत नाही. त्याला फक्त पैसे आणि औषधांच्या धावपळीला जुंपू नका. रात्री वॉर्डात पुरुषांना थांबू देत नसतील तर दिवसा एक तास त्याने लेकराला जेवू घालावे, गोष्ट सांगावी.

घरी राहिलेल्या भावंडाला कोणी काही सांगत नाही. त्याला वाटते, आईला आपण नको आहोत, किंवा आपण भांडलो म्हणून भाऊ आजारी पडला. त्याला खरे सांगा, रोज फोनवर दोघांना बोलू द्या. त्याने काढलेले चित्र खाटेजवळ ठेवा.

डॉक्टरांना काय विचारायचे?

आपली माणसे डॉक्टरांसमोर गप्प उभी राहतात. कुठे कोणी तोडून बोलते, कपड्यांवरून आणि आडनावावरून पाहते, त्या अनुभवाने माणूस तोंड मिटतो. वॉर्डातल्या सिस्टरांवरही कामाचा बोजा किती असतो, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. तरीही विचारणे हा आपला हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत आजाराची आणि उपचाराची माहिती मिळण्याचा हक्क पहिल्या हक्कांमध्ये आहे. प्रश्न कागदावर लिहून ठेवा आणि राउंडच्या वेळी विचारा :

१. लेकराला काय झाले आहे, सोप्या शब्दांत सांगाल का?
२. आज कोणती तपासणी आहे? उपाशी ठेवायचे का?
३. त्याला दुखेल का? दुखू नये म्हणून काय देणार?
४. त्याला काय खायला द्यायचे, किती हालचाल करू द्यायची?
५. कोणते लक्षण दिसले तर तुम्हाला लगेच हाक मारायची?
६. अंदाजे किती दिवस राहावे लागेल?

उत्तर समजले नाही तर पुन्हा विचारा. शिकलेली शेजारीण किंवा कॉलेजातले पोर सोबत असले तर बरे.

पैशाची काळजी

खिशात पैसे नाहीत, या विचाराने आईबाप लेकराशी नीट बोलूही शकत नाहीत. म्हणून कागद पहिल्या दिवशीच गोळा करा : रेशन कार्ड, लेकराचे आणि आईबापाचे आधार कार्ड, जन्माचा दाखला.

सोलापूरचे सिव्हिल म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. ते १९६३ पासूनच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे. अशा मोठ्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. अडचण त्यांना सांगा, ते त्यांचे कामच आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना कार्ड दाखवा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी तान्ह्या बाळाला वर्षाच्या आत सरकारी रुग्णालयात औषध, तपासण्या, रक्त आणि ने-आण मोफत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडी आणि शाळेत येऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात आणि पुढच्या उपचाराला पाठवतात. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात.

कॅन्सरसाठी लेकराला मुंबईला टाटा रुग्णालयात नेण्याची वेळ आली तर फुटपाथवर राहण्याआधी तिथल्या समाजसेवा विभागात चौकशी करा. दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे आणि २००६ पासून सेंट ज्यूड संस्थेची केंद्रे कॅन्सरग्रस्त मुलांच्या कुटुंबांना मोफत राहायला जागा देतात. तिथे शेजारच्या खोलीत आपल्यासारखेच आईबाप असतात आणि त्यांचा आधार औषधाइतका मोलाचा ठरतो.

वस्तीने काय करायचे?

वस्तीचे प्रेम पहिल्या दिवशी गर्दी होऊन येते. पंधरा माणसे खाटेभोवती उभी राहतात, लेकरू घाबरते, संसर्ग वाढतो, सिस्टर चिडतात. पाचव्या दिवशी मात्र कोणी नसते. ही गर्दी मोडून पाळी लावूया.

विहारातल्या महिला मंडळाने एक वही करावी आणि प्रत्येक कामाला दोन नावे लिहावीत. एकीने रोज दुपारी दोन तास वॉर्डात बसायचे, म्हणजे आई अंघोळ करील, झोपेल. ही बाई शक्यतो रोज तीच असावी, कारण लेकराला ओळख लागते. दुसरीने डबा न्यायचा. तिसरीने घरच्या भावंडांना जेवू घालून शाळेत पाठवायचे आणि रात्री त्यांच्याजवळ झोपायचे. एका तरुणाने कागदपत्रे आणि योजनेची धावपळ करायची. मंडळाच्या पेटीतून आईच्या बुडालेल्या मजुरीपैकी थोडे तरी भरून द्यायचे. खोकला, ताप असलेल्या कोणीही वॉर्डात जायचे नाही.

हे नवे नाही. आजारी, घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतः अंघोळ घातली, ही कथा आपल्याला माहीत आहे. विनयात चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगितले आहेत. औषध देता येणे, पथ्य कळणे, घाणीची किळस न करणे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, आणि योग्य वेळी बोलून आजाऱ्याचे मन प्रसन्न करणे. मन प्रसन्न करणे हे त्या काळीही शुश्रूषेचे काम मानले होते.

घरी आल्यावर

डिस्चार्ज मिळाला म्हणजे सगळे संपले नाही. घरी आलेले मूल अंथरुणात लघवी करू लागते, अंगठा चोखते, आईचा पदर सोडत नाही, रात्री दचकून उठते, चिडते. मागे गेल्यासारखे वाटते. दवाखान्याची भीती अशी बाहेर पडत असते. मारू नका, चिडवू नका, "बाळ झालास का पुन्हा?" म्हणू नका. जेवण, झोप, खेळ यांच्या वेळा पूर्वीसारख्या करा, दवाखान्याचा खेळ खेळू द्या. बहुतेक मुले काही आठवड्यांत सावरतात. शाळेतल्या बाईंना आधी भेटून सांगा, म्हणजे बुडालेल्या अभ्यासावरून वर्गात बोलणी बसणार नाहीत.

महिना उलटला तरी मूल बोलत नसेल, खात नसेल, आधी येत असलेले चालणे-बोलणे विसरले असेल तर डॉक्टरांना दाखवा. आईबापाच्या मनावर ताण असह्य झाला तर टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या नंबरवर मराठीतही मोफत बोलता येते.

आणि कधी सगळे प्रयत्न करूनही लेकरू हाती लागत नाही. अशा वेळी आईबापाला त्याला जवळ घेऊ द्या, हवा तेवढा वेळ द्या. "दुसरं होईल," असे कोणी बोलू नका. भावंडांना "गावाला गेला," असे खोटे सांगू नका. बाबासाहेब आणि रमाईंनी चार लेकरे गमावली. १९२६ मध्ये राजरत्न गेला तेव्हा ते दोघेही किती कोसळले होते, हे आपण जाणतो. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसांनाही ते दुःख जड गेले, तर वस्तीतल्या आईला चार दिवसांत सावरायला कसे सांगायचे? तिच्याजवळ बसा. महिन्यानेही जा, वर्षानेही त्या लेकराचे नाव घ्या.

येत्या रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटे थांबून ती वही उघडूया आणि पहिल्या पानावर आठ नावे लिहूया. लेकरू आजारी पडण्याआधी नावे ठरलेली असली, तर त्या रात्री कोणत्याही आईला "आता मी एकटी काय करू?" असे विचारावे लागणार नाही.

जयभीम!